दूध तुटलेल्या मुलांची डॉक्टर : सिसिली विल्यम्स

वैद्यकशास्त्रातील रोगांची नावे पाहिली तर ती बहुतेक ग्रीक-लॅटिनमधून आलेली असतात, नाही तर ज्या डॉक्टराने तो रोग प्रथम वर्णिला त्याच्या आडनावाने चालत असतात. या भारदस्त नावांच्या गर्दीत एक नाव मात्र अगदी निराळे आहे. ते कोणा पंडिताने कोशातून काढलेले नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आक्रा शहरात, पाठीशी मूल बांधून बाजारात बसणाऱ्या बायांच्या बोलीतले ते नाव आहे. क्वाशिओरकोर. आज जगातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगाचे पुस्तक उघडले तर हा शब्द सापडतो. तो तेथे पोहोचला एका इंग्रज बाईमुळे. तिला हा रोग स्वतःच्या नावावर सहज चढवता आला असता. तिने तसे केले नाही. आयांनी ठेवलेले नाव तिने तसेच ठेवले, कारण त्या नावातच निम्मे निदान होते.

या बाईंचे नाव सिसिली डेल्फीन विल्यम्स. आपल्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव कोठे येत नाही. तथापि अडाणी आई आणि शहाणा डॉक्टर अशी जी विभागणी आपण मनातल्या मनात करून बसलेलो असतो, ती या चरित्राने बरीच हलते. म्हणून ते येथे सांगावेसे वाटले.

सिसिलीचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी जमैका बेटावर क्यू पार्क येथे झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झालेल्या गोऱ्या जमीनदारांचे. वडील बेटावरच्या शिक्षण खात्याचे संचालक होते. तेराव्या वर्षी तिला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले आणि एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात तिला प्रवेशही मिळाला. (नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये याच कॉलेजात दाखल झाल्या होत्या.) पण जमैकात भूकंप आणि वादळे यांनी दाणादाण उडवली होती. आईवडिलांच्या मदतीसाठी ती प्रवेश सोडून घरी परतली. १९१६ मध्ये वडील वारले आणि त्यानंतर तिने पुन्हा ऑक्सफर्डची वाट धरली, ती वैद्यक शिकण्यासाठी. त्या वेळी तिचे वय तेवीस होते. एरवी मुलींना तेथे सहजासहजी कोणी घेतले नसते. परंतु महायुद्ध चालू होते, तरुण मुलगे आघाडीवर गेले होते आणि वर्गातली बाके रिकामी पडली होती. १९२३ साली ती डॉक्टर झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात करून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

युद्धावरून पुरुष डॉक्टर परत आल्यावर स्त्री डॉक्टरांना पुन्हा दारे बंद झाली. लंडनच्या हॅकनी भागातील मुलांच्या रुग्णालयात विल्यम्सबाईंनी काही काळ काम केले. ही गरीब कामगारांची वस्ती. मुलाला बरे करून घरी पाठवावे आणि पंधरा दिवसांनी तेच मूल त्याच दुखण्याने परत यावे, असे चाले. मुलाचे दुखणे समजायचे तर त्याचे घर पाहिले पाहिजे, चूल पाहिली पाहिजे, हा धडा त्यांनी येथे घेतला. पुढे उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करून वसाहतींच्या वैद्यकीय सेवेसाठी त्यांनी अर्ज केला. दोन वर्षे वाट पाहिल्यावर नेमणूक मिळाली. ते साल होते १९२९ आणि ठिकाण गोल्ड कोस्ट. हाच देश १९५७ मध्ये स्वतंत्र होऊन घाना म्हणून ओळखला जाऊ लागला.

गोल्ड कोस्टमध्ये पाऊल ठेवल्यावर विल्यम्सबाईंना जे दिसले ते त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या समजुतीशी जुळणारे नव्हते. तेथील आया मुलांची हेळसांड करतात, त्यांना संगोपन कळत नाही, असा सरकारी वर्तुळात सर्वसाधारण ग्रह होता. प्रत्यक्षात तान्ही मुले गुटगुटीत होती. ती दिवसभर आईच्या पाठीशी बांधलेली असत, रात्री तिच्या कुशीत झोपत आणि भूक लागेल तेव्हा अंगावर पीत. इंग्लंडमधल्या दायांनी तेव्हा घड्याळ लावून दूध पाजण्याची टूम काढली होती. दर चार तासांनी, मध्ये मूल कितीही रडो. ही घड्याळी पद्धत शास्त्रीय समजली जाई आणि आफ्रिकन आईची पद्धत रानटी. विल्यम्सबाईंचा कल स्पष्टपणे त्या रानटी पद्धतीकडे होता.

पण एक वर्ष उलटले की चित्र पालटे. एक ते चार वर्षांच्या दरम्यानची काही मुले त्यांच्याकडे येत, त्यांचे हातपाय सुजलेले, तोंडावर सूज, कातडी काळवंडून जुन्या रंगाचे पोपडे निघावेत तशी सोललेली. काळेभोर केस तांबूस, विरळ झालेले. मूल कशाला हात लावत नाही, खात नाही, खेळत नाही, नुसते कण्हत बसते. अशी बहुतेक मुले दगावत. रुग्णालयातील कागदांवर या मुलांच्या नावापुढे निरनिराळी निदाने लिहिलेली असत. कोणी जंत म्हणे, कोणी जन्मजात उपदंश म्हणे, कोणी पेलाग्रा. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांत आढळणारा, कातडीवर डाग पाडणारा रोग तेव्हा नुकताच उलगडत होता, त्यामुळे तेच निदान सर्वांत शास्त्रीय वाटे.

येथे विल्यम्सबाईंनी एक साधी गोष्ट केली. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, असे त्यांनी स्थानिक परिचारिकांना विचारले. उत्तर मिळाले, क्वाशिओरकोर. त्याचा अर्थ विचारला तेव्हा त्यांना सांगण्यात आले की पाठचे भावंड आले म्हणजे आधीच्या मुलाला, गादीवरून उतरविलेल्या राजासारख्या त्या मुलाला, जो आजार होतो तो हा.

या उत्तराकडे दोन प्रकारांनी पाहता येते. ज्याला फक्त अंधश्रद्धाच पाहायची आहे त्याला ती येथे भरपूर सापडेल. नवे मूल जुन्याचा हेवा करते, गर्भार आईचे दूध नासते, कोणाची तरी बाधा झाली, अशी कारणे अशा आजारांना आफ्रिकेतच काय, जगभर देत आले आहेत. अशी समजूत एकदा मनात बसली की आई वैद्याकडे नाही तर मांत्रिकाकडे जाते, आणि मुलाच्या ताटाकडे तिचे लक्ष जात नाही. कारण तिच्या दृष्टीने या दुखण्याचा अन्नाशी संबंधच नसतो. सूज आलेले मूल तर काही वेळा बाळसे धरलेले वाटते. हा सगळा तोटा खराच आहे आणि विल्यम्सबाईंनी तो नाकारला नाही.

परंतु त्या उत्तरात आणखी काही होते आणि तेच नेमके डॉक्टरांच्या नजरेतून सुटले होते. आजार कोणत्या मुलाला होतो? ज्याला भावंड आले त्याला. केव्हा होतो? आईचे दूध तुटल्यावर. कारण चुकीचे सांगितले असेल, पण निरीक्षण बिनचूक होते. आक्रामधील आयांनी कित्येक पिढ्या मुले मरताना पाहिली होती आणि त्या मरणाची वेळ त्यांनी नावातच नोंदवून ठेवली होती. जंत पाठचे भावंड येण्याची वाट पाहत नाहीत, उपदंशही पाहत नाही. म्हणजे शोध घ्यायचा तो दूध तुटण्याच्या काळातच.

विल्यम्सबाई मग घरोघर गेल्या. दूध तुटल्यावर मुलाला काय मिळते ते त्यांनी पाहिले. मका दळून, भिजवून, आंबवून त्याची पेज करतात, आपल्याकडच्या आंबिलीसारखी. तेच पीठ मक्याच्या पानात गुंडाळून उकडले म्हणजे त्याला केंकी म्हणतात; आपले पानगे आठवावेत. मोठ्या माणसांच्या ताटात केंकीबरोबर मासळी असते, शेंगदाणे असतात, झणझणीत कालवण असते. लहान मुलाला ते तिखट सोसत नाही म्हणून नुसती पेज, नुसती केंकी. त्यातून मासळी-मटणाचे चार तुकडे असले तर ते आधी घरातल्या कर्त्या पुरुषाचे. पश्चिम आफ्रिकेतील काही समाजांत तर मुलाला अंडे दिले तर ते मोठेपणी चोर होते, अशीही समजूत आढळते. पोट मात्र भरते. पोट भरले म्हणजे मूल जेवले, ही आईची समजूत, आणि वरवर पाहता तीत वावगे काय आहे? मक्याने भूक भागते. पण त्यातील प्रथिने अपुरी असतात, वाढीला लागणारे काही घटक त्यांत फार कमी असतात. आईच्या दुधाने ती उणीव भरून काढलेली असते. ते दूध तुटले की नुसता मका उरतो.

१९३३ साली बालरोगांच्या एका इंग्रजी नियतकालिकात विल्यम्सबाईंनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मक्याच्या आहाराशी संबंधित असा हा पोषणाचा रोग असून तो पेलाग्रा नव्हे, आणि प्रथिनांतील एखाद्या घटकाची उणीव त्याच्या मुळाशी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढाच त्यांचा जपून केलेला दावा होता. लंडनमधील पेलाग्राचे नामवंत तज्ज्ञ ह्यू स्टॅनस यांनी तो मान्य केला नाही. त्यांच्या मते हा पेलाग्राच होता. तेव्हा १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये विल्यम्सबाईंनी पुन्हा लेख लिहिला आणि या वेळी रोगाला आयांचे नाव दिले. लक्षणे एकेक करून दोन रोगांतला फरक त्यांनी दाखविला. स्वतः मृत मुलांची शवविच्छेदने करून ही माहिती त्यांनी गोळा केली होती. अशाच एका विच्छेदनात बोटाला जखम होऊन त्यांच्या रक्तात विष पसरले. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. त्या वाचल्या, हे नशीबच.

स्टॅनस काही आफ्रिकेला अनोळखी नव्हते, ते अभ्यासूही होते. पण आपल्याला ठाऊक असलेल्या चौकटीत समोरचे दुखणे बसविण्याचा त्यांचा हट्ट आणि आईचा बाधेवरचा विश्वास यांत तत्त्वतः काय अंतर आहे, असा प्रश्न मनात येतो. समजुती फक्त खेड्यांतच राहत नाहीत.

विल्यम्सबाईंचा दुसरा झगडा खुद्द आपल्या खात्याशी होता. वसाहतींच्या कारभारात आजारी मुलांचे रुग्णालय वेगळे आणि निरोगी मुलांना तपासण्याचे, आयांना सल्ला देण्याचे केंद्र वेगळे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मूल आजारी पडले की आई ज्या डॉक्टरला भेटते त्याला तिच्या घरची माहिती नाही, आणि ज्या बाईला घरची माहिती आहे तिला औषध देण्याची परवानगी नाही. विल्यम्सबाईंना ही दोन्ही कामे एका छपराखाली हवी होती. आईला उपदेश ऐकवायचा तर आधी तिच्या मुलाचा खोकला बरा केला पाहिजे, मग ती ऐकेल. हे त्यांचे म्हणणे. स्थानिक वैद्यांना आणि त्यांच्या औषधांना तुच्छ लेखणे त्यांना मंजूर नव्हते. त्या काळच्या गोऱ्या डॉक्टरांत हे अपवादात्मकच होते. वरिष्ठांशी खटके उडत गेले आणि १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. ती बढती नव्हती.

मलायात त्यांना दुसऱ्या टोकाचे दृश्य दिसले. येथेही समजुती होत्याच. बाळंतिणीने अमुक दिवस अमुक गोष्टी खायच्या नाहीत अशा पथ्याला मलय बायका पंतांग म्हणतात. थंड मानलेल्या भाज्या आणि फळे या पथ्यात वर्ज्य असतात. पदार्थांचा उष्ण-थंडपणा आपल्या घरांतही रोज मोजला जातो, तेव्हा आपल्याला हे नवल वाटण्याचे कारण नाही. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या आईने त्यात भाजीपालाही सोडला तर तिच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला बेरीबेरी होऊ शकतो. पण सिंगापूरच्या वस्त्यांतून हिंडताना विल्यम्सबाईंना मुले मरताना दिसली ती पंतांगपेक्षाही एका नव्या समजुतीपायी. ती समजूत गावच्या म्हातारीने शिकविलेली नव्हती. डब्यातून आली होती.

परदेशी कंपन्यांचे गोड आटवलेले दूध बाजारात आले होते. परिचारिकेसारखा पोशाख घातलेल्या मुली घरोघर जाऊन बाळंतिणींना सांगत की हे दूध आईच्या दुधापेक्षा चांगले. साई काढून घेतलेल्या दुधाचे असे डबे तान्ह्या मुलांना अयोग्य, अशी सूचना खुद्द इंग्लंडमध्ये डब्यावर छापावी लागे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे नसल्यासारखीच. ड नसेल तर मुडदूस, अ नसेल तर डोळे जाण्याची भीती. त्यातून डबा महाग, म्हणून आई त्यात पाणी वाढवी. पाणी अशुद्ध, बाटली अशुद्ध. आईने हे अज्ञानाने केले असे आपण म्हणू. पण तिला हे शिकविणारी बाई पांढऱ्या पोशाखातली होती. आजीचे ऐकू नको, शिकलेल्यांचे ऐक, असे तिला सांगितले गेले होते आणि तिने ते ऐकले होते.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबने विल्यम्सबाईंना व्याख्यानाला बोलाविले. क्लबचे अध्यक्ष दुधाच्याच एका कंपनीचे बडे अधिकारी होते, असे सांगतात. भाषणाला त्यांनी नाव दिले ‘दूध आणि खून’. बाळांना चुकीचे दूध पाजण्याचा प्रचार करणाऱ्यांना खुनी समजून शिक्षा व्हावी, अशा आशयाचे ते भाषण होते. श्रोत्यांत बसलेल्या सभ्य गृहस्थांना ते कसे वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. विशेष असे की विल्यम्सबाई दुधाच्या डब्याच्या आंधळ्या विरोधक नव्हत्या. आक्रामध्ये क्वाशिओरकोरच्या मुलांना त्यांनी स्वतः डब्याचे दूध आणि कॉड माशाचे तेल देऊन वाचविण्याचा प्रयत्न केला होता. ज्या मुलाचे आईचे दूध तुटले आहे त्याला डबा देणे वेगळे आणि ज्याच्या आईला दूध आहे त्याचे ते तोडून डबा देणे वेगळे, हा त्यांचा भेद होता.

नंतर युद्ध आले. जपानी फौजा मलायात उतरल्या तेव्हा विल्यम्सबाई त्रेंगानूत कामावर होत्या. तेथून कसेबसे निघून त्या सिंगापूरला पोहोचल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि चांगीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. बायकांच्या छावणीची प्रमुख म्हणून त्यांनी काही काळ काम पाहिले. १९४३ मध्ये जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी नेले आणि काही महिने पिंजऱ्यासारख्या कोठडीत, मरणासन्न कैद्यांबरोबर कोंडून ठेवले. युद्ध संपले तेव्हा आमांश आणि बेरीबेरीने त्यांचे शरीर पोखरले होते. बेरीबेरीमुळे आलेला पायांचा बधिरपणा पुढे कायम राहिला. मात्र त्या छावणीचा एक हिशेब त्यांनी आवर्जून लिहून ठेवला आहे. चांगीत वीस मुले जन्मली, विसांनाही आयांनी अंगावर पाजले आणि वीसही जगली. डबा तेथे मिळणे शक्यच नव्हते.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि तिच्या माता-बालसंगोपन विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून विल्यम्सबाईंची नेमणूक झाली. पुढे आग्नेय आशियाचे कामही त्यांच्याकडे होते. संघटनेने १९५० नंतर आफ्रिकेत या रोगाची पाहणी करविली तेव्हा तो देशोदेशी आढळला. पण येथे एक विचित्र वळण लागते. क्वाशिओरकोर म्हणजे प्रथिनांची उणीव, असे सूत्र तज्ज्ञांनी पकडले आणि साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या गोणी जगभर जाऊ लागल्या. ज्या बाईने डब्याच्या दुधाविरुद्ध आवाज उठविला तिच्याच शोधाचा आधार घेऊन भुकटीचा प्रसार व्हावा, हा दैवदुर्विलासच. पुढे १९६८ मध्ये आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले की क्वाशिओरकोर झालेल्या आणि नुसत्या रोडावलेल्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या दृष्टीने म्हणावा तसा फरक नसतो. दोघांनाही मुळात अन्नच कमी पडत असते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या प्रथिनवेडावर टीकेची झोड उठवली. रोगाचे कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. आयांचे नाव तेवढे अजून टिकून आहे, कारण ते कारण सांगत नाही, वेळ सांगते.

आपल्याकडे तरी ही वेळ कोणाला ठाऊक नव्हती काय? माधवनिदान हा आयुर्वेदाचा हजार वर्षांहून जुना ग्रंथ. त्यात बालरोगांमध्ये पारिगर्भिक नावाचा एक विकार सांगितला आहे. आई गर्भार असताना जे मूल तिचे दूध पीत असते ते रोडावते, त्याची भूक मंदावते, पोट मोठे दिसू लागते, त्याला ग्लानी येते. या विकाराचे दुसरे नाव परिभव, म्हणजे पराभव. आक्राच्या बायकांना ते मूल गादीवरून उतरलेले दिसले आणि आपल्या वैद्यांना हरलेले दिसले. दोघांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. कारणमीमांसा दोघांचीही आज टिकत नाही. गर्भार आईचे दूध विषारी होत नाही आणि तेवढ्यासाठी ते तोडण्याची गरज नसते. उलट या समजुतीने ते घाईने तोडले जाते आणि मूल नुसत्या पेजेवर येते.

विल्यम्सबाईंचे सहकारी आणि सहलेखक डेरिक जेलिफ १९५० नंतरच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास होते. आयांच्या चालीरीती सरसकट चांगल्या किंवा वाईट म्हणू नयेत. उपयोगी असतील त्या उचलून धराव्यात, निरुपद्रवी असतील त्यांच्या वाटेला जाऊ नये, आणि अपायकारक असतील तेवढ्याच बदलण्याचा प्रयत्न करावा, अशी त्यांची मांडणी होती. ही चाळणी आपल्या घरांना लावून पाहावी. बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू देणे, सव्वा महिना तिला कामापासून सोडविणे हे उचलून धरण्याजोगे. दृष्टीची तीट निरुपद्रवी. पहिल्या दोन-तीन दिवसांचे चिकाचे दूध पिळून टाकणे आणि बाळाला मधाचे बोट चाटविणे हे मात्र घातकच. त्या चिकात रोगप्रतिकाराची शक्ती असते आणि मधाने तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. जुलाब लागले की पोटाला आराम म्हणून मुलाचे खाणे तोडणे हेही तसेच. आणि वरणाच्या वरच्या पाण्यात सगळे सत्त्व उतरते म्हणून मुलाला ते पाणी पाजायचे आणि खालची डाळ मोठ्यांनी खायची, हा प्रकार तर शिकलेल्या घरांतही दिसतो. उष्टावणाच्या दिवशी थाटाने खीर चाटवतात. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वाटीत काय पडते याची चौकशी कोणी करीत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तक्ते घेऊन आहारावर बोलायला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी ही चौकशी तेवढी करावी. भाषण त्यानंतर.

१९५१ ते १९५३ मध्ये विल्यम्सबाई जन्मभूमीला परतल्या. जमैकात थंडीच्या दिवसांत गरीब मुलांना एकाएकी ओकाऱ्या होऊन ती मरत; त्याचा तपास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. धागा अकी नावाच्या फळापाशी पोहोचत होता. जमैकात हे फळ रोज खाल्ले जाते. पण ते झाडावर आपोआप उमलल्याशिवाय खाऊ नये, असे तेथील जुनी माणसे सांगत आली आहेत. कच्च्या अकीत रक्तातील साखर उतरविणारे विष असते, हे थोड्याच वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. जुन्या माणसांचा नियम खरा ठरला. भुकेलेल्या मुलाला फळ उमलेपर्यंत थांबणे जमत नव्हते, एवढेच.

उरलेले आयुष्य शिकविण्यात गेले. लंडन, बैरुत, अमेरिकेतील टुलेन विद्यापीठ. १९७२ मध्ये जेलिफ यांच्यासह लिहिलेले त्यांचे माता-बालआरोग्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारी आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. सिंगापूरच्या त्या भाषणाला तोवर बेचाळीस वर्षे झाली होती आणि विल्यम्सबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या.

१३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्ड येथे वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या संसदेने केलेला शिशुदुग्धपर्यायी पदार्थांविषयीचा कायदा अस्तित्वात आला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अंमलात आहे. दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे.